ब्लॉगवर कमेंट करून बॅकलिंक खरंच मिळते का? घरगुती कोकम आगळच्या साइटसाठी विचारतेय

रातांबा_दापोली

नमस्कार मंडळी, इथे वाचत असते पण धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं दापोलीजवळ घरगुती काम आहे. सासूबाई आणि मी मिळून आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं, अमृत कोकम आणि थोडी फणसपोळी करतो. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मित्राने वर्डप्रेसवर साइट करून दिली, तेव्हापासून ती मीच बघते. नुसतं विकायला ठेवलंय असं नाही, मी लिहिते पण, म्हणजे रातांबे (कोकमाची फळं) कधी उतरवायचे, आमसुलाच्या साली रसात भिजवून परत वाळवायच्या असं पाच-सात वेळा का करतात, आगळ काळं कशाने पडतं वगैरे. २६ लेख झालेत आत्तापर्यंत. पण गूगलवर कोणी कोकम आगळ शोधलं की आम्ही पाचव्या-सहाव्या पानावर, तिथपर्यंत कोण येतंय.

गेल्या वर्षी एका एजन्सीचा फोन आला, तुमच्या साइटला बॅकलिंक्सच नाहीत, म्हणजे दुसऱ्या साइट तुमच्याकडे लिंक देत नाहीत, म्हणून वर येत नाही, आम्ही ५०० ब्लॉग कमेंट बॅकलिंक्स करून देतो, ६,००० रुपये. दिले. महिन्याने एक्सेल शीट आली, त्यात ५०० पत्ते. मी सहज दहा-बारा उघडून बघितले तर कुठल्यातरी बाहेरच्या देशातल्या गाड्यांच्या टायरवरच्या ब्लॉगखाली 'नाइस पोस्ट, थँक्स फॉर शेअरिंग' आणि कमेंट करणाऱ्याच्या नावाच्या जागी 'बाय कोकम आगळ ऑनलाइन'. खूप वाईट वाटलं मला. सासूबाई पहाटे उठून साली निवडतात आणि त्यांच्या मालाचं नाव असल्या ठिकाणी लटकलेलं.

मग ठरवलं आपण स्वतः करू. दोन महिन्यांत ४० एक मराठी ब्लॉगवर कमेंट टाकल्या, रेसिपीचे ब्लॉग, कोकण फिरण्याचे ब्लॉग. त्यातल्या १५-१६ दिसतात, बाकीच्या दिसतच नाहीत. मी साधारण असं लिहायचे:

"खूप छान माहिती दिलीत! आम्हीसुद्धा दापोलीत शुद्ध घरगुती कोकम आगळ बनवतो. एकदा आमच्या वेबसाइटला नक्की भेट द्या." आणि खाली लिंक.

आता प्रश्न असे की याने गूगलमध्ये काही फायदा होतो का? माझ्या कमेंट गायब का होतात? त्या ५०० लिंकांमुळे साइटचं नुकसान झालं असेल का? आणि करायचंच तर नीट कसं करायचं? माझ्याकडे दिवसाला फार तर अर्धा तास असतो, तोही रात्री.

---

गडवाट७२

ताई, धागा चांगला काढलात. मी २००८ पासून किल्ल्यांवर ब्लॉग लिहितो, यातलं बरंचसं स्वतः करून बघितलंय, चुकाही केल्यात. थोडं मागून सांगतो म्हणजे एजन्सीवाल्यांनी तुम्हाला काय विकलं ते कळेल.

गूगलची मूळ कल्पनाच ही की एका साइटने दुसरीची लिंक दिली म्हणजे तिने शिफारस केली. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये पेजरँक ही पानांचा क्रम लावायची पद्धत मांडली ती यावरच. मग लोकांच्या लक्षात आलं की ब्लॉगच्या कमेंटमध्ये तर कोणीही येऊन लिंक टाकू शकतो, फुकटात शिफारस. २००३-०४ च्या सुमारास ब्लॉगच्या खाली औषधांच्या आणि जुगाराच्या लिंकांचा नुसता चिखल झाला होता. त्यावर गूगल, याहू आणि एमएसएन यांनी जानेवारी २००५ मध्ये नोफॉलो आणलं. लिंकच्या कोडमध्ये तेवढा एक शब्द असला की सर्च इंजिनने ती लिंक शिफारस म्हणून मोजायची नाही. वर्डप्रेसने त्याच वर्षी कमेंटमधल्या सगळ्या लिंकांना ते आपोआप लावायला सुरुवात केली, ब्लॉगस्पॉटवर पण तेच. म्हणजे ज्या गोष्टीचे तुमच्याकडून गेल्या वर्षी ६,००० रुपये घेतले तिचा जोर २००५ सालीच काढून घेतला होता.

स्वतः बघायचं असेल तर कॉम्प्युटरवर क्रोममध्ये आपल्या कमेंटमधल्या नावावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट करा, लिंकच्या कोडमध्ये नोफॉलो लिहिलेलं दिसेल. नव्या वर्डप्रेसवर त्याच्या जोडीला यूजीसी पण दिसतं, म्हणजे हे वाचकाने लिहिलंय, साइटच्या मालकाने नाही अशी खूण.

आता माझी चूक सांगतो. २०११ मध्ये मला कोणीतरी सांगितलं की कमेंट करताना नावाच्या जागी कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर जे शब्द शोधतात ते, टाक. मी दीडेकशे ठिकाणी 'महाराष्ट्रातील किल्ले माहिती' या नावाने कमेंटी टाकल्या, त्यातल्या काही जुन्या ब्लॉगवर नोफॉलो नव्हतं म्हणून मुद्दाम शोधून तिथे टाकल्या. २४ एप्रिल २०१२ ला गूगलचं पेंग्विन अपडेट आलं, असल्या लिंका जमवणाऱ्यांसाठीच होतं ते, आणि आठवड्याभरात माझे वाचक निम्म्यावर आले. चार वर्षं मनापासून लिहिलेलं एका फटक्यात मागे गेलं. त्या कमेंट काढून टाका म्हणून मी एकेका ब्लॉगवाल्याला मेल केले, काहींनी काढल्या, बहुतेकांनी उत्तरही दिलं नाही. सावरायला वर्षाच्या वर गेलं.

तुमच्या ५०० लिंकांबद्दल एवढं घाबरू नका. २०१६ पासून पेंग्विन गूगलच्या मुख्य अल्गोरिदमचाच भाग आहे आणि असल्या लिंका बहुतेक वेळा नुसत्या दुर्लक्षित होतात. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइटवाल्यांसाठीची गूगलची सेवा) मॅन्युअल ॲक्शन्स, म्हणजे गूगलच्या माणसांनी केलेली कारवाई, म्हणून एक पान आहे ते उघडा, तिथे काही नाही असं आलं तर विषय सोडा. डिसअव्हाउ टूलच्या, म्हणजे 'या लिंका धरू नका' असं गूगलला कळवायच्या साधनाच्या, नादी लागू नका, ते चुकीचं वापरलं तर चांगल्या लिंकाही जातात.

मग कमेंट करायच्याच नाहीत का? करायच्या, पण गूगलसाठी नाही, ब्लॉग लिहिणाऱ्या माणसासाठी करायच्या. एक उदाहरण देतो. साल्हेर किल्ल्यावर एकाने लेख लिहिला होता, त्यात फक्त साल्हेरवाडीकडून जायची वाट होती. मी त्याच जानेवारीत वाघांबेकडून गेलो होतो, साल्हेर आणि सालोटा यांच्या मधल्या खिंडीत चढते ती वाट. मी खाली लिहिलं की वाघांब्याहून खिंडीत पोचायला आम्हाला किती वेळ लागला, कुठे झाडी दाट असल्याने वाट चुकते, वर गंगासागर तलावाचं पाणी त्या महिन्यात कसं होतं. लिंक दिलीच नाही, नावाच्या खाली वेबसाइटचा रकाना असतो तेवढा भरला. चार दिवसांनी त्या मुलाने मेल केला, तुमचे फोटो आहेत का? मग त्याने लेखातच वाघांबेची वाट जोडली आणि माझ्या लेखाची लिंक दिली. ही लिंक त्याने स्वतः, लेखाच्या मजकुरात, त्याला वाटलं म्हणून दिली, तिला नोफॉलो नाही. अशा लिंका वर्षाला पाच-सहा मिळतात मला. आज माझ्या ब्लॉगवर जे लोक येतात ते त्यांच्या जिवावर.

---

पाटावरवंटा

मी पलीकडच्या बाजूने सांगते, माझा रेसिपीचा ब्लॉग आहे आणि तुमच्यासारख्यांच्या कमेंट मीच उडवते, म्हणजे तुमची पण उडवली असेल कदाचित, राग मानू नका ताई.

मी न्यू जर्सीत असते. रोज सकाळी चहा ठेवला की कमेंटची रांग बघते. अकिस्मेट या स्पॅम गाळणाऱ्या प्लगिनने अडवलेल्या वेगळ्याच, त्या मी उघडूनही बघत नाही, त्याशिवाय मंजुरीसाठी थांबलेल्या दहा-बारा तरी असतात. एकेकीला दोन सेकंदसुद्धा देत नाही खरं सांगते. 'खूप छान माहिती' असं सुरू झालं आणि शेवटी 'भेट द्या' आलं की माणसाने लेख वाचलाच नाहीये हे कळतं. पुरणपोळीच्या लेखाखाली आणि मटणाच्या लेखाखाली तीच कमेंट चालू शकते ना, मग ती माझ्या लेखाबद्दल नाहीच. तुमच्या कमेंटचं तेच झालंय, त्यात खोटं काही नाही पण ती कुठल्याही लेखाखाली चिकटेल.

दुसरं एक, वर्डप्रेसची सेटिंगच अशी असते की कमेंटमध्ये दोन किंवा जास्त लिंका असल्या तर ती थांबवून ठेवायची. तुम्ही नावाखाली साइट दिलीत आणि मजकुरात परत दोनदा लिंक टाकलीत तर ती आपोआप रांगेत जाते. शिवाय पहिल्यांदा कमेंट करणाऱ्याची कमेंट पण थांबते, एकदा मंजूर झाली की पुढच्या थेट दिसतात. म्हणून पहिली कमेंट जीव ओतून लिहा, तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून.

आता मी स्वतःहून लिंक कधी दिली ते सांगते. माझ्या सोलकढीच्या लेखाखाली एकीने विचारलं होतं की रंग गुलाबी येत नाही, मळकट जांभळट येतो, काय करू. मला उत्तर माहीत नव्हतं. इथे इंडियन स्टोअरमध्ये जी आमसुलं मिळतात ती कधीची असतात देव जाणे, काळी आणि दगडासारखी, मला वाटायचं त्याच्यामुळेच. तर गोव्याच्या एका काकूंनी खाली लिहिलं. त्यांच्याकडे कोकमाला भिरंड म्हणतात तिथून सुरुवात केली, मग लिहिलं की पाणी कुठलं वापरता ते बघा, बोअरच्या क्षाराच्या पाण्यात भिजवलं की रंग जांभळ्याकडे जातो, आंबट जास्त असलं की लालसर राहतो, म्हणून कमी पाण्यात घट्ट कोळ काढा आणि नारळाच्या दुधात शेवटी थोडा थोडा घाला, कोळ गरम असताना घालू नका. मी तसं करून बघितलं, आमच्याकडचं पाणी पण क्षाराचंच आहे, फिल्टरचं घेतलं आणि रंग आला. इतकी वर्षं सोलकढी करतेय आणि मला हे कोणी सांगितलं नव्हतं! मी लेखात ते वाक्य त्यांच्या नावाने घातलं आणि त्यांच्या ब्लॉगची लिंक दिली. मागितली नव्हती त्यांनी.

ताई, तुमच्याकडे तर रातांब्याचं झाड दारात आहे. आम्ही जे पाकिटातून विकत आणतो त्याच्या मागचं सगळं तुम्हाला माहीत आहे. ते सोडून तुम्ही 'खूप छान माहिती' लिहिताय याचं मला खरंच वाईट वाटलं.

---

शोधयंत्र_नाशिक

गडवाट दादांशी बरंचसं सहमत, एक-दोन गोष्टी जोडतो. मी नाशिकला छोट्या दुकानदारांच्या साइटचं एसईओ, म्हणजे गूगलमध्ये वर यायचं काम, करतो.

नोफॉलो म्हणजे शून्य असं आता सरळ म्हणता येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने सांगितलं की यापुढे नोफॉलो हा हुकूम नाही, इशारा म्हणून धरू, म्हणजे मोजायची की नाही ते आम्ही ठरवू. यूजीसी आणि स्पॉन्सर्ड या खुणा पण तेव्हाच आल्या. मार्च २०२० पासून पान शोधण्या-नोंदवण्याच्या बाबतीतही तसंच. पण म्हणून कमेंटच्या लिंकने रँकिंग वाढतं असं मी कुठल्याही क्लायंटला सांगत नाही, कारण कामात तसं काही दिसलेलं नाही. सर्च कन्सोलच्या लिंक्स रिपोर्टमध्ये नोफॉलोवाल्या लिंका पण दिसतात, ते बघून एजन्सीवाले 'बघा, वाढल्या' म्हणतात, त्याला भुलू नका. डोमेन ऑथॉरिटी नावाचा आकडा दाखवतील, तो मॉझ कंपनीचा आहे, गूगलचा त्याच्याशी संबंध नाही.

ताईंना उपयोगी पडेल अशी गोष्ट म्हणजे ब्लॉग शोधायचे कसे. नुसतं सोलकढी शोधलं की मोठ्या पोर्टलची पानं येतात, तिथे कमेंट कोणी वाचत नाही. त्यापेक्षा 'सोलकढी टिप्पणी पोस्ट करा' असं शोधा, दुसरा भाग अवतरणचिन्हांत टाकून. मराठी ब्लॉगस्पॉटवर कमेंटच्या जागी तेच शब्द असतात. वर्डप्रेसच्या जुन्या मराठी ब्लॉगवर 'यावर आपले मत नोंदवा' असतं, त्यानेही शोधा. मग तीन गोष्टी बघा. शेवटचा लेख कधीचा आहे? लिहिणारा कमेंटला उत्तरं देतो का? आणि कोणी विचारलेला प्रश्न तसाच पडलाय का? हा तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. सहा महिन्यांपूर्वी कोणीतरी 'आगळ किती दिवस टिकतं' विचारलंय आणि उत्तरच नाही, तिथे तुमची जागा.

२०१४ नंतर बंद पडलेले खूप ब्लॉग सापडतील. तिथे लिहून फार उपयोग नाही, कमेंट मंजूर करायलाच कोणी नसतं.

---

रातांबा_दापोली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मॅन्युअल ॲक्शन्सचं पान बघितलं, काही नाही असं आलंय, जीव भांड्यात पडला.

पाटावरवंटा ताई, राग कसला, तुमचं वाचून मी माझ्या जुन्या कमेंट परत वाचल्या, अगदी बरोबर बोललात.

शोधयंत्र दादांनी सांगितलं तसं शोधलं तर एका ब्लॉगवर खरंच असा प्रश्न सापडला. लेख सोलकढीचा आहे, खाली एका बाईंनी लिहिलंय की बाजारचं आगळ वापरून केली तर इतकी खारट झाली की ओतून द्यावी लागली, मीठ तर एकच चमचा घातलं होतं. उत्तर कोणी दिलेलं नाही. मी असं लिहिलंय, टाकण्याआधी इथे दाखवते:

"नमस्कार, मी दापोलीला असते, आमच्या घरी दरवर्षी आगळ करतो. तुमची सोलकढी खारट झाली त्यात तुमची काही चूक नाही. आगळ करताना रातांबे फोडून बी काढतात आणि सालींवर थरावर थर मीठ घालून बरणीत ठेवतात, त्या मिठानेच रस सुटतो आणि मिठानेच तो वर्षभर टिकतो. म्हणजे आगळात मीठ आधीच भरपूर असतं. सोलकढीत आधी आगळ घाला, ढवळा, चाखा, आणि मग गरज वाटली तरच मीठ. आमच्याकडे बहुतेक वेळा लागतच नाही. आणि आधीच खारट झाली असेल तर ओतू नका, बिनमिठाचं नारळाचं दूध अजून घाला. आमसुलं वापरत असाल तर मात्र मीठ लागतं, लेखात ताईंनी आमसुलं घेतलीत म्हणून त्यांचं प्रमाण तसं आहे. आगळाबद्दल सविस्तर माझ्या या लेखात लिहिलंय."

आणि खाली लेखाची लिंक. पण ती लिंक पेस्ट केली की टक्क्यांची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची अशी काहीतरी लांबच लांब ओळ येते, चार ओळी भरतात, व्हायरससारखं दिसतं ते. असं का होतं? आणि लिंक ठेवू की काढू?

---

गडवाट७२

वा! पहिली कमेंट आणि ही कमेंट एकाच माणसाने लिहिलीय असं वाटत नाही. ते 'तुमची काही चूक नाही' वाचून त्या बाईंना किती बरं वाटेल. आणि लेखातलं प्रमाण आमसुलांचं आहे हे तुम्ही सांगितलंत, म्हणजे लेख नीट वाचलाय हे ब्लॉगवालीला कळतं आणि तिच्या लेखाला कमीपणाही येत नाही.

शेवटचं वाक्य आणि लिंक काढा. उत्तर पूर्ण झालंय, वाचणाऱ्याला अजून हवं असेल तर तुमच्या नावावर क्लिक करून येईल. नावाच्या रकान्यात तुमचं खरं नाव लिहा, फार तर पुढे दापोली, ब्रँडचं नाव नको. वेबसाइटच्या रकान्यात साइटचा पत्ता. आणि ग्रॅव्हतार या ईमेलला फोटो जोडणाऱ्या सेवेवर त्याच ईमेलने एक फोटो चढवा, मग वर्डप्रेसच्या बहुतेक ब्लॉगवर कमेंटशेजारी तुमचा चेहरा दिसेल. फोटो असलेली कमेंट लोक जास्त वाचतात असा माझा अनुभव.

लिंकचं उत्तर शोधयंत्र जास्त नीट देईल.

---

शोधयंत्र_नाशिक

हो, हे सांगायलाच हवं, बहुतेक मराठी साइटवाले इथे अडतात. लेखाचं शीर्षक देवनागरीत असलं की वर्डप्रेस पत्ता पण देवनागरीत बनवतं. ब्राउझरमध्ये तो छान दिसतो, पण कॉपी केला की प्रत्येक अक्षराचं कोडमध्ये रूपांतर होतं आणि एका देवनागरी अक्षराला नऊ कॅरेक्टर लागतात, काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजून. म्हणजे 'कोकम' यात क, ओकार, क, म असे चार, झाले ३६. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या भागाला २०० कॅरेक्टरची मर्यादा आहे, म्हणजे मराठीत जेमतेम बावीस अक्षरं बसतात, पुढचं मधेच तुटतं. तुमच्या लेखांचे पत्ते बघा, शब्द अर्धवट कापलेले सापडतील.

अशी लिंक बघून माणूस घाबरतोच, स्पॅम म्हणून उडवतो. शिवाय व्हॉट्सॲपवर पाठवताना मधे तुटली तर उघडतच नाही. उपाय सोपा आहे, लेख लिहिताना परमालिंकमध्ये (लेखाचा पत्ता बदलायची जागा) जाऊन पत्ता इंग्रजी अक्षरांत आणि छोटा करा, कोकम आगळ एवढे दोनच शब्द पुरे. जुन्या लेखांचे बदललेत तरी चालेल, पोस्ट असेल तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप पाठवतं, तरी एकेक बदलून उघडून खात्री करा. २६ च लेख आहेत, दोन संध्याकाळचं काम.

अजून एक, ब्लॉगस्पॉटवर कमेंट ४,०९६ कॅरेक्टरपेक्षा मोठी घेत नाही, एरर येते आणि कधीकधी लिहिलेलं सगळं जातं. आधी नोट्समध्ये लिहा, मग पेस्ट करा.

---

पाटावरवंटा

मी लिंकबद्दल दादांच्या थोडं विरुद्ध बोलते. ब्लॉगवाली म्हणून सांगते, उत्तर असं पूर्ण असेल आणि खाली एक लिंक असेल आणि ती खरंच त्याच विषयाच्या लेखाची असेल तर मी ती ठेवते. विक्रीच्या पानाची असेल तर नाही. पण पहिल्या कमेंटला नको हे बरोबर, एकदा ओळख झाली की दुसऱ्या-तिसऱ्या वेळी द्या. आणि कोणी विचारलं की तुमच्याकडे मिळतं का, तर तेव्हा बिनधास्त द्या, तेव्हा ती जाहिरात नसते, उत्तर असतं.

आणि ताई, कमेंट टाकून विसरू नका. आठवड्याने परत जाऊन बघा. मी उत्तरात काही विचारते आणि समोरून कोणी येतच नाही, तेव्हा फार हिरमोड होतो. ती गोव्याची काकू तीनदा परत आली होती.

---

रातांबा_दापोली

मंडळी, दोन महिन्यांनी परत येतेय, कोणाला उपयोग होईल म्हणून काय झालं ते लिहिते.

रोजचं करायचं सोडून दिलं. आठवड्याला एकच कमेंट, रविवारी रात्री. आधी लेख पूर्ण वाचायचा, खालच्या सगळ्या कमेंट वाचायच्या, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही असेल तरच लिहायचं, नसेल तर त्या आठवड्याला नाही. अशा एकूण सात झाल्या, सातही दिसतायत, एकही उडवलेली नाही.

ती खारट सोलकढीवाली कमेंट टाकली त्याला तिसऱ्या दिवशी ब्लॉगवाल्या ताईंचं उत्तर आलं, मग त्यांनी विचारलं की आगळ प्लास्टिकच्या बाटलीत येतं ते ठेवावं का, मी लिहिलं की आम्ही घरी काचेच्या नाहीतर चिनी मातीच्या बरणीत ठेवतो, ॲल्युमिनियमला तर लावतच नाही, इतकं आंबट आणि खारट ते धातूला खातं. त्यावर अजून दोघींनी प्रश्न विचारले. शेवटी त्यांनी लेखाच्या वर एक टीप घातली, आगळ वापरणार असाल तर मीठ घालू नका, आणि 'दापोली' या शब्दावर माझ्या लेखाची लिंक दिली. मी इन्स्पेक्ट करून बघितलं, नोफॉलो नाहीये. खूप आनंद झाला, सासूबाईंना दाखवलं तर त्यांनी विचारलं त्यात माझं नाव आहे का. नाव नाहीये पण दापोली आहे म्हटलं.

आकडे मोठे नाहीत. त्या एका लिंकवरून दोन महिन्यांत ७० च्या आसपास लोक आले, त्यातल्या पाच जणींनी ऑर्डर दिली, एक तर बेळगावहून. दुसरी एक लिंक कोकण फिरण्याच्या ब्लॉगवर मिळाली, तिथे मी फक्त एवढंच लिहिलं होतं की कोकम बघायला यायचं असेल तर एप्रिलच्या शेवटी ते मे असे या, दिवाळीत आलात तर झाडावर काही दिसणार नाही. गूगलवर कोकम आगळला आम्ही अजून तिसऱ्या पानावर आहोत, त्यातलं किती या लिंकांमुळे आणि किती पत्ते नीट केल्यामुळे ते मला कळत नाही.

अजून एक झालं जे ठरवलं नव्हतं. लोक कमेंटमध्ये जे विचारतात ते मी वहीत लिहून ठेवते, खारट का झाली, बुरशी आली तर टाकायचं का, गरोदरपणात चालतं का, (याला मी डॉक्टरांना विचारा एवढंच सांगितलं), बोअरच्या पाण्यात रंग का बदलतो. त्यातल्या चारांवर लेख लिहिले आणि त्यातला पाण्याच्या रंगाचा लेख माझ्या सगळ्या साइटवर सध्या जास्त वाचला जातोय. पाटावरवंटा ताई, त्यात तुमच्या ब्लॉगची आणि गोव्याच्या काकूंच्या ब्लॉगची लिंक दिलीय, बघून घ्या, काही चुकलं असेल तर सांगा.

एक प्रश्न राहिला. त्या जुन्या ४० कमेंटांपैकी ज्या १५-१६ दिसतायत त्यांची मला आता लाज वाटते. त्या काढायला सांगू का ब्लॉगवाल्यांना?

---

पाटावरवंटा

बघितला लेख, छान झालाय, क्षाराच्या पाण्याचा फोटो आणि साध्या पाण्याचा फोटो शेजारी शेजारी ठेवलात ते फार आवडलं. मी माझ्या लेखातून लिंक दिलीय, आजच.

जुन्या कमेंट काढायला सांगू नका. त्याच ब्लॉगवर परत जा, लेख वाचा, आणि आधी घाईत लिहिलं होतं असं म्हणून आता नीट लिहा. मला कोणी असं लिहिलं तर मी पहिली काढून दुसरी ठेवीन.

---

रातांबा_दापोली

हे सुचलंच नव्हतं. करते तसं, एकेक करून.

पण आता महिनाभर नाही जमणार, रातांबे पिकलेत, माणसं लावलीत उतरवायला, आणि पाऊस यायच्या आत साली वाळायला हव्यात, एक सर आली तरी सगळं वाया जातं. कोणाला काही विचारायचं असेल तर इथे लिहून ठेवा, रात्री झोपायच्या आधी बघीन.